विनाकारण फिरणारा

२०२० च्या मार्चपासून जवळजवळ दोन वर्षे एक माणूस मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येत होता. आतल्या पानावर, एका कॉलमात, बहुधा खालच्या कोपऱ्यात. त्याचे नाव कधी आले नाही. फोटो आलाच तर भर चौकात कान धरून उठाबशा काढताना, पाठमोरा. ‘विनाकारण फिरणारा’ एवढीच त्याची ओळख. विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई, विनाकारण फिरणाऱ्यांच्या दुचाक्या जप्त, विनाकारण फिरणाऱ्यांची जागेवरच अँटिजेन चाचणी. या बातम्या वाचून आमच्या पिढीला फार बरे वाटे. आपण घरात बसून साबुदाण्याच्या पापड्या तळून देशकार्य करत असताना देश बुडवतो आहे तरी कोण, हे त्यातून कळे.

हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा निघाला. तो माझा भाचा आहे.

आता ‘रोज छापून येत होता’ असे मी म्हटले खरे, पण एप्रिल २०२० मध्ये सरकारने वर्तमानपत्रे घरोघरी टाकायलाच मनाई केली होती. ती बातमी मी ज्या अंकात वाचली, तो अंकही भाच्यानेच कुठूनतरी पैदा करून आणला होता. म्हणजे विनाकारण फिरणाऱ्यांनी देशाचे कसे वाटोळे चालवले आहे, हे वाचायला मिळायचे तर एक विनाकारण फिरणारा घरात असावा लागे.

भाचा तेव्हा एकवीस वर्षांचा. इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष. डोंबिवली पूर्वेला आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, ताईकडे. लॉकडाऊन लागल्यावर सोसायटीच्या कमिटीने व्हॉट्सअ‍ॅपवर सभा घेऊन ठरवले, की ज्येष्ठांनी बाहेर पडायचे नाही. मी चोपन्नचा. सभेत मी पटकन स्वतःला ज्येष्ठांत घालून घेतले. माझे पाहून चाळिशीतले दोघे तिघेही ज्येष्ठ झाले. उरला भाचा. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे दूध, जोशीबुवांचे इन्सुलिन, आमच्याकडचे गव्हाचे पीठ, सेक्रेटरींची तंबाखू (ही चिठ्ठीवर ‘किराणा’ या सदरात लिहिलेली असे) हे सगळे तोच वाहू लागला. सामान दाराबाहेर ठेवायचे, बेल वाजवायची आणि मागे सरकायचे. दार उघडून काकू आधी त्याच्याकडे संशयाने बघत आणि मग दुधाच्या पिशवीला साबण लावत. सामान सगळ्यांना हवे होते, आणणारा कुणाला नको होता.

बाहेर पडायला कारण लागे, आणि सगळ्यात भक्कम कारण म्हणजे औषध. माझी रक्तदाबाची चिठ्ठी त्याने पहिल्याच आठवड्यात मागून नेली ती पुढे कितीतरी दिवस परत दिली नाही. नंतर कळले, की ती त्याच्या मित्रमंडळातही फिरत होती. सकाळी मानपाडा रोडला ती दाखवून एक जण सुटायचा, दुपारी टिळकनगरला दुसऱ्याच्या उपयोगी पडायची आणि संध्याकाळी फडके रोडवर तिसऱ्याला तारायची. शेवटी ती माझ्या हातात आली तेव्हा घड्यांवर सेलोटेप होता, डॉक्टरांची सही घामाने पुसट झाली होती आणि तारखेतल्या महिन्यावर कुणीतरी निळ्या पेनाने हलकेच हात फिरवला होता. मला जिना उतरायची चोरी होती, पण माझ्या रक्तदाबाने त्या उन्हाळ्यात डोंबिवली पूर्व पालथी घातली.

एकदा नाक्यावर हवालदाराने ती नीट वाचली.

“वय चोपन्न?”

“मामाचं आहे.”

“मग गोळ्या कुठायत?”

“त्याच आणायला चाललोय.”

“मेडिकल मागे राहिलं.”

“तिथे संपल्यात.”

हवालदार दिवसभर उन्हात उभा होता. त्याने वीसच्या दहा उठाबशा केल्या. तरुणांना सवलत मिळाल्याची त्या वर्षातली ही एकमेव नोंद माझ्याकडे आहे.

परत आला की गेटवर वॉचमन ते पांढरे पिस्तूल त्याच्या मनगटावर रोखायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा, “चौतीस पॉइंट दोन.” पस्तीसच्या खाली अंग गेले तर माणूस गारठून इस्पितळात असायला हवा. वॉचमन म्हणायचा, “ठीक आहे, जा.” मे महिन्याच्या घामट डोंबिवलीत आमची अख्खी इमारत वैद्यकीयदृष्ट्या हिमालयात राहत होती.

त्याच्या परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तीही थोडक्यातच झाली. घ्यायची की नाही यावर राज्य सरकार, राज्यपाल आणि यूजीसी यांचे उन्हाळाभर चालले होते. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही म्हणून सांगितले आणि ऑक्टोबरात भाच्याने पलंगावर मांडी घालून, चारांपैकी एक पर्याय निवडत इंजिनिअरिंग पुरे केले. ताईने औक्षण केले. “म्हणजे कोरोना बॅच का रे?” पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाराच्या फटीतून विचारले. हातात त्यानेच आणलेली दुधाची पिशवी होती.

त्याआधी गणपती आले होते. भाच्याच्या वडिलांचे गाव संगमेश्वर तालुक्यात. चाकरमान्यांसाठी त्या वर्षी सरकारने नियम केले होते : १२ ऑगस्टच्या आत गावी पोचा आणि दहा दिवस विलगीकरणात राहा; त्यानंतर निघाल तर आधी चाचणी करा. एसटीने जाणाऱ्याला ई-पास नको, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला हवा. या नियमाचा मी बराच अभ्यास केला. एकटा माणूस स्वतःच्या मोटारसायकलवर, पनवेलपासून संगमेश्वरपर्यंत कुणाच्या तोंडाला तोंड न लागता निघाला, तर त्याच्यापासून जिल्ह्याला धोका. तोच माणूस एसटीत अनोळखी माणसांबरोबर रात्रभर बसला, पुढच्याची शिंक ऐकत माणगावपर्यंत जागा राहिला, तर तो सुरक्षित. भाचा म्हणतो, एसटीच्या लाल रंगातच काहीतरी औषध असावे.

भाऊजींना मात्र गाडीनेच जायचे होते. म्हणून आधी ई-पासचा अर्ज झाला. फोटो ठरावीक केबीच्या आत, आधार कार्ड, गाडीचा नंबर, प्रवासाचे कारण आणि प्रकृती ठणठणीत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रासाठी भाचा दवाखान्यात दीड तास बसला. त्याच्या एका बाजूला खोकणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला ताप आलेले मूल. त्यांच्यामध्ये बसून, आपल्याला खोकला आणि ताप नाही असे लिहून घेऊन तो आला. कारणाच्या रकान्यात भाऊजींनी ‘गणपती’ लिहिले. ताई म्हणाली, नुसते गणपती काय, ‘वृद्ध आईची सेवा’ लिहा. भाच्याने सुचवले, ‘कंटाळा’. त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. खरे तर अख्ख्या घरात प्रामाणिक उत्तर तेवढे एकच होते. अर्ज प्रलंबित राहिला आणि मंडळी एसटीने गेली.

गावच्या वाटेवर बांबू आडवा होता. बांबूपाशी ग्राम कृती दल. दर वर्षी ज्यांच्या वर्गणीवर मंडपाची लायटिंग झगमगायची, ते मुंबईकर उतरताच दलाने चार पावले मागे घेतली आणि लांबूनच जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बोट दाखवले. भाऊजी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. तेव्हा ते पळून जायचे, मास्तर धरून आणायचे. आता पोरासकट आत, आणि बाहेर राखणीला त्यांचाच वर्गमित्र. घर हाकेच्या अंतरावर. चुलती तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाची पिठी आणून गडग्यावर ठेवायची, मागे सरकायची आणि हाक मारायची. भाच्याने ती पद्धत लगेच ओळखली. फक्त या खेपेला तो दाराच्या आतल्या बाजूला होता.

गावात रेंजचा प्रश्न. आपल्याकडे त्या काळात रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून शिकणाऱ्या मुलांचे मोठे कौतुक झाले. मुलांचे कौतुक करणे टॉवर उभारण्यापेक्षा स्वस्त पडते. शाळेच्या आवारात रेंज होती ती एकाच जागी, मुलांच्या मुतारीमागच्या कोपऱ्यात. दोन कांड्या. कॉलेजने आणलेल्या कंपनीची मुलाखत नेमकी त्याच दहा दिवसांत लागली. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल, पायाशी गुडघाभर गवत आणि श्रावणाची सर, असा तो उभा राहिला. तांत्रिक प्रश्न बरे गेले. शेवटी बाईंनी इंग्रजीत विचारले, कामानिमित्त भारतात कुठेही जावे लागेल, प्रवासाची तयारी आहे ना?

“येस मॅडम, एनीव्हेअर,” भाचा म्हणाला. त्या क्षणी त्याला गडगा ओलांडायची परवानगी नव्हती.

बाविसाव्या वर्षी नोकरी लागली. जानेवारी २०२१ मध्ये रुजू झाला, म्हणजे कुरिअरवाल्याने लॅपटॉप आणून दिला आणि ताईने त्याच्या खाली चौरंग दिला. ऑफिस लोअर परळला. भाच्याने ते पाहिलेले नव्हते. साहेबाला पाहिले होते, पण तेही हनुवटीपासून छतापर्यंतच, कारण साहेबाचा कॅमेरा खालून वर होता. ऑफिस एकदा डोळ्यांनी बघावे, एवढीच त्याची इच्छा. त्यात लोकल आड आली.

हा इतिहास नव्या मुलांना सांगून खरा वाटणार नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडली. १५ जूनपासून ती धावू लागली, पण अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. २१ ऑक्टोबरपासून महिलांना मुभा मिळाली, ती सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. म्हणजे जिचे ऑफिस दहाला भरते आणि सहाला सुटते, तिने सावकाश जावे आणि त्याहून सावकाश यावे. बाकीच्या जनतेला १ फेब्रुवारी २०२१ ला गाडीत घेतले. पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊपासून शेवटच्या गाडीपर्यंत.

भाच्याने कागदावर हिशेब मांडला. सातच्या आत गाडीत बसायचे, आठ-सव्वाआठला करी रोडला उतरायचे. ऑफिस दहाला उघडणार. तोवर फुटपाथवर. सहाला ऑफिस सुटणार, गाडीत नऊला घेणार. तोवर पुन्हा फुटपाथवर. रोजचे जवळजवळ पाच तास नुसते भटकायचे. थोडक्यात, त्याला कामावर जायचे कारण होते, पण ते पुरे करायला विनाकारण फिरणे भाग होते, आणि विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई सुरूच होती. तो विचार करत असताना कंपनीनेच ‘तूर्त येऊ नका’ म्हणून कळवले. एप्रिलमध्ये सामान्य जनता पुन्हा गाडीतून उतरली.

मधल्या मार्चमध्ये पुण्यात एक चमत्कार झाला. एमपीएससीची पूर्वपरीक्षा १४ तारखेला होती. ती ११ तारखेला, म्हणजे मुले पाठांतर करून, डबे भरून तयार असताना, पुढे ढकलली. आणि हे काही पहिल्यांदा नव्हते. मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. मग आठवडाभर पुढची तारीख तातडीने सापडली आणि २१ मार्चला परीक्षा झालीसुद्धा. विनाकारण फिरणारे त्या दिवशी कारण घेऊन रस्त्यावर आले, तर सरकारला आपले कारण लगेच मागे घ्यावे लागले.

एप्रिलमध्ये ई-पास परत आला. लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत. जिल्ह्याबाहेर जायचे तर अंत्यविधी किंवा गंभीर आजारपण. खासगी बसने उतरणाऱ्याच्या हातावर चौदा दिवसांचा शिक्का. मुंबई पोलिसांनी गाड्यांना रंगीत स्टिकर काढले : डॉक्टरांना लाल, भाजीपाल्याला हिरवा, इतर अत्यावश्यकांना पिवळा. एका मुलाने त्यांना ट्विटरवर विचारले, मैत्रिणीला भेटायला जायचे तर कोणता रंग लावू? पोलिसांनी प्रेमाने उत्तर दिले, की तुमच्यासाठी ते अत्यावश्यक असेल, आमच्या यादीत नाही. सगळा महाराष्ट्र पोलिसांच्या विनोदबुद्धीवर खूश झाला. तो मुलगा गेला की नाही, हे कुणी विचारले नाही.

त्या महिन्याबद्दल गंमत करणे अवघड आहे. कारण बनवावे लागत नव्हते, घरोघर खरेच होते. भाचा आणि त्याचे मित्र रात्र रात्र मोबाइलवर बसून कुठे खाट आहे, कुठे ऑक्सिजन आहे, कुठला नंबर खरा आणि कुठला खोटा याच्या याद्या करत होते. जोशीबुवांसाठी सिलिंडर त्यानेच मोटारसायकलवर, मागे मित्राला पकडायला बसवून, कळव्याहून आणला. डबलसीट म्हणून वाटेत दंड झाला. पावती त्याने कुणाला दाखवली नाही. ती ताईला धुवायच्या पँटीत सापडली. जोशीबुवा वाचले. हल्ली ते सांगतात, की आपण योगासनांमुळे वाचलो.

आणि मग लस. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लसीकरण खुले झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला तरुण म्हणणारे सरकार जगात विरळा, पण या तरुणांच्या रांगेत भाच्याच्या पुढे टक्कल पडलेले, दोन मुलांचे बाप उभे होते. कोविनवर स्लॉट उघडे आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत भरे. टेलिग्रामवर घंटा वाजली की भाचा जेवणावरून उठे, ओटीपी टाके, वेडीवाकडी अक्षरे ओळखून तो माणूस असल्याचे सिद्ध करे, आणि तोवर स्लॉट गेलेला असे. एकदा मिळाला तो शहापूरच्या पलीकडे. ठाणे जिल्ह्यातच, म्हणून पास नको. पहाटे निघाला. आरोग्य केंद्रापुढे मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग, आणि गावातले लोक बाजूला उभे राहून, आपल्या गावची लस शहरातली पोरे टोचून चालली, हे बघत होते. त्यांच्याकडे मोबाइल होते, घंटा वाजवणारे टेलिग्राम नव्हते. भाच्याला त्यांच्या नजरेची लाज वाटली, पण फार वेळ वाटून घ्यावी लागली नाही. पाटी लागली : साठा संपला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने १८ ते ४४ चे लसीकरणच थांबवले. साठा ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी हवा होता. आम्ही पंचेचाळीसवरचे हे ऐकून गंभीर झालो आणि पुढे सरकलो. शेवटी जूनअखेर भाच्याने खासगी इस्पितळात ७८० रुपये मोजून पहिला डोस घेतला. दुसरा ८४ दिवसांनी.

८ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी सांगितले, की दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल खुली. म्हणजे मला. मी नुकती स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि मला जगात कुठेही जायचे नव्हते. तरी स्टेशनवर जाऊन टेबलापाशी उभा राहिलो, प्रमाणपत्रावर शिक्का मारून घेतला. सुटे तिकीट मिळत नव्हते, मिळायचा तो महिन्याचा पासच. म्हणून पास काढला, आणि पास काढला म्हणून तो वसूल करायला रोज जाऊ लागलो. कधी दादरला जाऊन फुलांचे भाव विचारले, कधी सीएसएमटीला जाऊन परत आलो. डब्यात सगळे माझ्याच वयाचे. कुणाला कुठे उतरायची घाई नाही, खिडकीसाठी भांडण नाही. इमारतीत कामावर जाणारी जी तीन-चार पोरे होती, ती घरात. आणि आम्ही रिकामटेकडे फास्ट लोकलमध्ये. एकाही वर्तमानपत्राने याची बातमी केली नाही.

तेवढ्यात भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. ऑफिसात जमा करून दुसरा घ्यायला हवा. दोन डोस नसलेला इंजिनिअर ऑफिसला कसा जाणार? ताई म्हणाली, “अरे, तू जातोसच ना तिकडे?”

मी करी रोडला उतरून चालत गेलो. गेटवर वॉचमनने माझे तापमान घेतले, ‘कुणाकडे’ विचारले, वही पुढे केली. वरती एवढा मोठा मजला आणि मोजकी सात-आठ माणसे. मशीनची कॉफी फुकट. भाच्याच्या नावाची पट्टी लागलेले टेबल होते. कुणी बसलेले नव्हते, म्हणून मी बसलो. फोटो काढून त्याला पाठवला. त्याने लगेच विचारले, “मामा, खिडकी आहे का?” होती. खिडकीतून उड्डाणपूल आणि एका बंद गिरणीची चिमणी दिसत होती. तोही फोटो पाठवला.

मग त्याच्या ओळखपत्रासाठी गेलो. मग पीएफच्या फॉर्मवर सही करून तो द्यायला गेलो. मग हेडफोन. सप्टेंबर संपेपर्यंत वॉचमनने तापमान बघणे सोडून दिले होते, वही मीच ओढून घेत होतो, आणि कॉफीच्या मशीनमध्ये दूध कुठून भरतात हे मला ठाऊक झाले होते. साहेब एकदा समोरून आले, पूर्ण चेहऱ्याचे. बरे वाटले.

ऑक्टोबरात भाच्याचे दोन डोस आणि वरचे चौदा दिवस पुरे झाले. पास मिळाला. सकाळी इस्त्रीचा शर्ट, या खेपेला खाली पँटही, ताईने हातावर दही ठेवले. साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला. “मामा, जरा याच्याशी बोल.” आणि मग वॉचमनचा आवाज, दबका, विश्वासात घेतल्यासारखा :

“काका, इथे एक पोरगा आलाय. तुमच्या जागेवर बसायचं म्हणतो. सोडू का?”